पाणी टाकत राहू नका, गळती शोधा

आपल्यापैकी अनेक व्यापारी आणि कारागीर बंधूंकडे आज जुनी चारचाकी आहे. कोणाकडे ओम्नी व्हॅन, कोणाकडे मारुती 800, तर कोणाकडे सुमो. मारुती 800 चे उत्पादन 2014 साली थांबले आणि ओम्नीचे 2019 साली. म्हणजे रस्त्यावर धावणारी प्रत्येक 800 आता दहा वर्षांच्या पुढची आहे. भांडवल नव्या गाडीत अडकवण्यापेक्षा मालात घातलेले बरे, असा आपला हिशेब असतो आणि तो चुकीचा नाही. गाडी जुनी असणे हा दोष नव्हे. दोष आहे तो तिच्या एका आजाराकडे दुर्लक्ष करण्याचा. हा आजार म्हणजे रेडिएटरमधले पाणी कमी होत जाणे.

या आजाराकडे दुर्लक्ष होते, कारण त्याचा इलाज फुकटात मिळतो असे वाटते. सकाळी दुकान उघडण्याआधी बाटलीभर पाणी ओतले की दिवस निघतो. पण हा इलाज नाही, ही उधारी आहे. आणि उधारी वाढत गेली की एक दिवस सावकार दारात उभा राहतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. आम्ही ही गोष्ट नुकसान सोसून शिकलो. ते नुकसान आणि त्यातून मिळालेली माहिती वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्यावर बेतले ते

आमच्या कापड दुकानाची व्हॅन मालेगावहून चांदवड, पिंपळगाव, नाशिक अशी कापडाचे गठ्ठे घेऊन फिरत असे. एका हिवाळ्यात तिचे पाणी कमी होऊ लागले. आठवड्याला अर्धा लिटर, मग एक लिटर. गाडीखाली डबके कधी दिसले नाही. मेकॅनिकला विचारले तर तो म्हणाला, "सेठ, गाडी जुनी झाली, पाणी टाकत जा." आम्ही टाकत गेलो. चार महिने टाकले.

मग दुसऱ्या एका गॅरेजात दाखवली. तिथल्या कारागिराने बोनेटखाली न पाहताच, गाडीचे वय ऐकून सांगितले की रेडिएटर गेला आहे. आम्ही नवा रेडिएटर बसवला. पंधरा दिवसांनी पाणी पुन्हा कमी.

मे महिना होता. आमचा पुतण्या माल घेऊन नाशिककडे निघाला. राहुड घाटाच्या चढावर गाडीचा जोर कमी झाला आणि सीटखालून वाफ येऊ लागली. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे वाफ आली ती थेट पायांपाशी. विशेष म्हणजे तापमानाचा काटा तेव्हा वर गेलेला नव्हता. त्याने गाडी बाजूला घेतली आणि घाईघाईत रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी उसळून त्याच्या उजव्या हातावर आले. कोपरापर्यंत हात भाजला. महिना-दीड महिना त्याला त्या हाताने कापड फाडता आले नाही.

गाडीचे म्हणाल तर हेड गॅस्केट जळले होते आणि इंजिनचे हेड वाकले होते. हेड उतरवून मशीनवर फेस करून घ्यावे लागले. हे काम आम्ही एका वयोवृद्ध उस्तादांकडे दिले. काम झाल्यावर आम्ही पैसे काढू लागलो तर उस्ताद म्हणाले, "थांबा. हेड का वाकले ते अजून सापडलेले नाही. ते न शोधता गाडी दिली तर तीन महिन्यांत परत येईल."

त्यांनी थंड गाडीच्या रेडिएटरवर हातपंप बसवला आणि हवेचा दाब दिला. दहा मिनिटांत घड्याळाचा काटा हळूहळू खाली आला. मग बॅटरी आणि लहान आरसा घेऊन ते गाडीखाली गेले. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक छिद्र असते. त्या छिद्राखाली हिरवट पांढरी रेघ होती आणि रेघेच्या टोकाला एक ताजा थेंब. इतकाच सगळा मामला. इंजिन चालू असताना पंपातून पाणी झिरपायचे, गरम इंजिनवर सुकून जायचे, म्हणून जमिनीवर कधी दिसले नाही. आम्ही विनाकारण घेतलेल्या रेडिएटरच्या पैशात असे पंप दोन-तीन आले असते. हेडच्या कामाची तर गोष्टच सोडा.

उस्तादांनी निघताना एक वाक्य सांगितले ते आम्ही वहीत लिहून ठेवले आहे: "पाणी किती टाकायचे ते नंतर विचारा, गेले कुठे ते आधी विचारा."

ही यंत्रणा चालते कशी

गळती शोधायची तर आधी पाणी फिरते कसे ते माहीत हवे. इंजिनच्या पोटात पाण्यासाठी वाटा असतात. वॉटर पंप तिथले पाणी सतत फिरवत असतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट नावाचे झाकण बंद असते आणि पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरते. तापमान साधारण 82 ते 88 अंशांपर्यंत गेले की थर्मोस्टॅट उघडू लागतो आणि गरम पाणी रेडिएटरकडे जाते. तिथे बारीक नळ्यांतून वाहताना वाऱ्याने आणि पंख्याने ते थंड होते आणि परत इंजिनात येते.

यातला खरा हुशार भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. ते साधे बूच नव्हे. त्यावर बहुधा 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो. तो दाबाचा आकडा आहे. त्या दाबापर्यंत झाकण पाणी आत कोंडून ठेवते. उघड्या भांड्यात पाणी 100 अंशांना उकळते, पण 0.9 च्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. कूलंट मिसळले की ही मर्यादा आणखी वर जाते.

आता गळतीचा खरा तोटा ध्यानात येईल. भोक कितीही लहान असले तरी दाब टिकत नाही. दाब टिकला नाही की पाणी लवकर उकळते. उकळले की वाफ होते, आणि वाफेला इंजिनची उष्णता पाण्यासारखी वाहून नेता येत नाही. म्हणून सुईएवढ्या भोकाने हेड वाकते. नुकसान पाण्याचे नसते, दाबाचे असते.

काटा वर का गेला नव्हता, हेही इथेच समजून घ्यावे. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी त्याच्या खाली गेले की तो कोरडा पडतो आणि खोटे सांगू लागतो. तेव्हा काटा मध्यावर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. काटा एकदम खाली आला तरी तो धोक्याचा इशारा समजावा.

झाकण दुसरेही एक काम करते. पाणी तापून फुगले की जादा पाणी झाकणातून बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत जाते. गाडी थंड झाली की झाकणातला एक लहान पडदा उघडतो आणि टाकीतले पाणी परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. हे येणे-जाणे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नका. "जाड फडके धरून उघडतो" हेही नको. गाडी बंद करून ती पूर्ण थंड होऊ द्या. सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर उघडणे हेच उत्तम. रस्त्यावर गाडी तापली तर बाजूला लावा, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास हात लावू नका. वरचा होज पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतणेही घातक आहे, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

विजेवर चालणारा पंखा गाडी बंद असतानाही अचानक फिरू शकतो. बोनेटखाली वाकताना बाही, रुमाल, मफलर सांभाळावे.

कूलंट विषारी असते. चवीला ते गोड लागते, म्हणून लहान मुले, मांजरे आणि शेळ्या यांना त्याचा फार धोका असतो. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये, गटारात सोडू नये, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नये.

चुकून कोणी भाजले तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये आणि डॉक्टरकडे न्यावे.

पहिली पायरी: हिशेब लिहा

व्यापारी मनुष्य तोंडी हिशेबावर विश्वास ठेवत नाही. गाडीच्या पाण्याचाही हिशेब लिहावा. सकाळी थंड गाडीत रेडिएटर काठोकाठ भरा आणि प्लास्टिकच्या टाकीवर पाण्याच्या पातळीला शाईची खूण करा. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. आठवड्याने पुन्हा थंड गाडीत पाहा. किती पाणी घालावे लागले ते माप लावून लिहा, अंदाजाने नको.

या साध्या नोंदीने बरेच कळते. गाडी उभी असतानाही पाणी कमी होते का? लांबच्या फेरीतच कमी होते का? नुकसान दर आठवड्याला सारखे आहे की वाढत चालले आहे? उभ्या गाडीत पाणी कमी होत असेल तर बहुधा बाहेर कुठे थेंब पडतो. फक्त चालवल्यावर कमी होत असेल तर दाब आल्यावर उघडणारी गळती असावी.

टाकीत पाणी आहे पण रेडिएटरमध्ये कमी आहे, असे दिसले तर झाकण किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी पाहा. झाकणातला पडदा चिकटला किंवा नळीला चीर गेली, तर पाणी टाकीत जाते पण परत येत नाही. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चेपल्यासारखा दिसत असेल तर तीही झाकणाचीच तक्रार आहे. झाकण ही साऱ्या यंत्रणेतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. जुनी गाडी घेतल्यावर ते बदलावेच, पण आधीच्या झाकणावरील आकड्याचेच घ्यावे. जास्त आकड्याचे झाकण लावले तर जुने पाइप फुटतात.

दुसरी पायरी: कापड अंथरा

आमच्याकडे कापडाची कमतरता नाही, म्हणून हा उपाय आम्हाला सोपा. रात्री गाडी सपाट जागेवर उभी करा आणि खाली पांढरे मांजरपाट किंवा पुठ्ठा अंथरा. त्यावर चाकांच्या जागा खुणेने दाखवा, म्हणजे डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली आहे ते कळेल.

सकाळी डाग पाहा. रंगहीन, वास नसलेले पाणी असेल आणि आदल्या दिवशी एसी चालवला असेल, तर ते एसीचे पाणी, त्याची चिंता नको. हिरवा, गुलाबी किंवा निळा, बोटाला गुळगुळीत आणि गोडसर वासाचा डाग म्हणजे कूलंट. काळा किंवा तांबूस तेलकट डाग ऑइलचा. कापडावर ही पारख पुठ्ठ्यापेक्षा चांगली होते.

जे केवळ साधे पाणी घालतात त्यांना ही पारख करता येत नाही. रंगीत कूलंटचा एक मोठा फायदा हा की ते स्वतःचा माग सोडून जाते.

तिसरी पायरी: सुकलेला माग पाहा

थेंब दिसला नाही तर डाग शोधा. पाणी उडून जाते पण त्यातले क्षार आणि रंग मागे राहतात. गळतीच्या जागी पांढरा, हिरवट किंवा तांबूस थर जमतो. यंत्रमागावर कापडात दोष दिसला की कारागीर तो दोष जिथे दिसतो तिथे थांबत नाही. धागा धरून मागे मागे जातो आणि तुटले कुठे ते पाहतो. इथेही तसेच. ओल खाली दिसते, पण तिचा उगम वर असतो. चालत्या गाडीत वारा थेंब मागे ढकलतो, म्हणून उगम बहुधा वर आणि पुढे शोधावा.

इंजिन आधी धुऊन कोरडे करून घेतले तर ताजी ओल लगेच ओळखू येते. चांगली बॅटरी आणि दाढीचा लहान आरसा एवढे सामान पुरे. जागा पाहण्याचा क्रम असा ठेवावा:

होज पाइप आणि क्लिपा. थंड गाडीत प्रत्येक पाइप दाबून पाहा. फुगलेला, भुसभुशीत झालेला, किंवा दाबल्यावर कुरकुरणारा आणि भेगा दाखवणारा पाइप बदलावा. बहुतेक पाइप टोकाशी, क्लिपच्या जवळ फुटतात. क्लिप सैल असेल तर आवळा, पण बेताने. जास्त आवळल्याने रबर कापले जाते.

रेडिएटर. नव्या पद्धतीच्या रेडिएटरमध्ये अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात. दोन्ही जिथे जुळतात तो सांधा आणि प्लास्टिकचा वरचा भाग तपासा, तिथे केसासारखी चीर जाते. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळलेले असतात, त्यांचा झाळकामाचा सांधा पाहा. असा रेडिएटर झाळून दुरुस्त होतो, फेकण्याची घाई नको.

वॉटर पंप. पंपाच्या दांड्याजवळचे सील खराब झाले की पाणी बाहेर यावे म्हणूनच ते बारीक छिद्र ठेवलेले असते. तिथे रेघ दिसली तर पंप जायला लागला असे समजा. पुली हाताने हलवून पाहा, खेळ असेल किंवा चालू असताना घरघर येत असेल तर खात्रीच. काही गाड्यांत पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो, काहींत टायमिंग बेल्टवर. दुसऱ्या प्रकारात पंप बदलताना टायमिंग बेल्टही बदलून घ्यावा, कारण उघडण्याची मजुरी तीच लागते.

थर्मोस्टॅटचे घर, लोखंडी नळ्या आणि इंजिनच्या अंगावरील गोल टिकल्या. साधे पाणी वापरलेल्या गाड्यांत या टिकल्या आणि नळ्या आतून गंजतात. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि बोट लावले की आत जाते.

हीटर. ज्या गाडीला हीटर आहे तिच्यात डॅशबोर्डखालची सतरंजी ओली होणे, आत गोड वास येणे आणि काचेवर चिकट धूसर थर बसणे ही हीटरच्या गळतीची लक्षणे आहेत. बाहेर शोधून काही मिळत नाही, कारण गळती आत असते.

चौथी पायरी: दाब देऊन पाहा

वरील पाहणीत काही सापडले नाही तर अंदाजाने सामान बदलू नका. दाबाची तपासणी करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर बसणारा घड्याळवाला हातपंप चांगल्या गॅरेजात असतो. थंड गाडीत झाकणावरील आकड्याइतका दाब द्यायचा, त्याहून जास्त नाही, आणि दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. काटा जागेवर राहिला तर यंत्रणा बंदिस्त आहे. काटा उतरला तर गळती आहे आणि आता ती दिसलीच पाहिजे, कारण इंजिन बंद आणि थंड असल्याने पाणी सुकून जात नाही. त्याच पंपाने झाकणही तपासता येते. ते सांगितलेला दाब धरते की आधीच सोडते ते कळते.

थंड गाडीत काटा स्थिर राहिला तरी पाणी कमी होत असेल, तर गाडी गरम झाल्यावर पुन्हा पाहावे लागते. काही सांधे थंडीत आकसून गळतात, तर काही गरम झाल्यावरच उघडतात. काही ठिकाणी कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून निळ्या दिव्याखाली गळती पाहतात, तोही उपाय चांगला आहे.

रेडिएटर बदलण्यास सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: "दाब देऊन पाहिले का? गळती मला दाखवाल का?" चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. उलट त्याला बरे वाटते. माल न पाहता सौदा करायचा नाही हा आपला नियम आहे, तो गॅरेजच्या दारात विसरण्याचे कारण नाही.

पाचवी पायरी: बाहेर नाही तर आत

बाहेर कुठेच ओल नाही, दाब मात्र उतरतो, तर पाणी इंजिनच्या आत जात आहे असे समजावे. हा प्रकार गंभीर आहे. त्याची लक्षणे अशी:

गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोड वासाचा धूर येणे. हिवाळ्याच्या सकाळी थोडी वाफ निघते, ती वेगळी, ती थोड्या वेळात थांबते.

ऑइलच्या झाकणाखाली किंवा पट्टीवर दुधाळ, लोण्यासारखा थर. मात्र रोज केवळ दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत झाकणाखाली ओलाव्यामुळेही थोडा असा थर येतो. पट्टीवरचे ऑइलच दुधाळ असेल तर मात्र गाडी चालू करू नये.

थंड गाडी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे, किंवा टाकीत सतत बुडबुडे येणे. याचा अर्थ सिलिंडरमधला धूर पाण्यात शिरत आहे.

याची खात्री करण्यासाठी एक निळे रसायन मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या रसायनातून ओढतात. हवेत इंजिनचा धूर असेल तर पेट्रोल गाडीत निळा रंग पिवळा होतो. हेड उतरवण्याआधी ही परीक्षा जरूर करून घ्यावी. हेड उतरवलेच तर ते सपाट आहे का ते पट्टी लावून पाहिल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू देऊ नये. वाकलेल्या हेडवर बसवलेले गॅस्केट फार दिवस टिकत नाही.

हळद, अंडे आणि पुडी

आपल्याकडे रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकतात, कोणी अंडे फोडून टाकतात. बाजारात गळती बुजवणाऱ्या पुड्या आणि बाटल्याही मिळतात. रानात गाडी अडली आणि पर्याय नसला तर बारीक भोक त्याने काही वेळ बुजते, हे खरे. पण ती वस्तू फक्त भोकच ओळखते असे नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्या, हीटर आणि थर्मोस्टॅट यांतही ती जाऊन बसते. नंतर गळती थांबलेली असते आणि गाडी तरी तापत असते. एकाची दोन दुखणी होतात. असे काही टाकले असेल तर घरी पोहोचल्यावर यंत्रणा धुऊन घ्यावी आणि कारागिराला ते सांगावे, लपवू नये.

बोअरचे पाणी हा दुसरा शत्रू. आपल्या भागातील बोअरचे जड पाणी किटलीत जसा पांढरा थर बसवते तसाच तो इंजिनात बसवते. नेहमीसाठी कूलंटच वापरावे. बाजारात काही कूलंट तयार मिसळलेले येते, ते तसेच ओतायचे. काही घट्ट असते, त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाणी मिसळायचे, आणि ते पाणी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी असावे. निरनिराळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळू नयेत. नुसता रंग सारखा आहे म्हणून प्रकार सारखा असतो असे नाही, डब्यावरचा मजकूर वाचावा.

दुरुस्तीनंतर

पाणी भरले म्हणजे काम संपले असे नाही. आत हवा अडकून राहते, आणि हवेच्या जागी इंजिन तापते. थंड गाडीतच झाकण काढून भरावे, हीटर असेल तर तो गरमवर ठेवावा, मग गाडी सुरू करून जागेवरच चालू द्यावी. बुडबुडे येत राहतील आणि पातळी उतरेल, तसतसे भरत जावे. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा पाहावी. पुढचे दोन आठवडे वहीतली नोंद चालू ठेवावी. खूण जागेवर राहिली तरच दुरुस्ती झाली असे मानावे. बिल दिले म्हणजे दुरुस्ती झाली असे नव्हे.

आमच्या व्हॅनच्या वहीत पंप बदलल्यापासून पाण्याच्या रकान्यात फारसे काही लिहावे लागलेले नाही. पुतण्याचा हात बरा झाला, पण मनगटावर डाग राहिला. सध्या गाडीची वही तोच सांभाळतो. दर सोमवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी तो खूण पाहतो, तारीख घालतो आणि मगच चावी फिरवतो. झाकणाला हात लावण्यापूर्वी वरचा पाइप हाताने चाचपून पाहतो. हे त्याला आता कोणी सांगावे लागत नाही. आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी मात्र ही सवय हात न भाजता लावून घ्यावी, एवढीच विनंती.